‘तू कुठल्या बाथरूमला जाणार?’ : एसटी स्टँडवरचा प्रश्न आणि बाथरूमचे कायदे

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत, सगळे नाही. गाडीत रेंज गेली की ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून हे.)

आज थेट एका व्हॉइस नोटपासून सुरू करते. आपल्याच जिल्ह्यातून, आपलं ऐकणाऱ्या एकीने ती पाठवली. ती ट्रान्स स्त्री आहे. लग्नात नवरीचा मेकअप करते, मेंदी काढते. नाव सांगू नको, गाव सांगू नको आणि आवाजही लावू नको म्हणाली. त्यामुळे तिचं म्हणणं मीच सांगते.

मागच्या उन्हाळ्यात एका कागदाच्या कामासाठी ती यवतमाळला निघाली होती. गाव जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं, प्रवास तीन तासांच्या वरचा. मधल्या एका तालुक्याच्या स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबली, तशी ती उतरली आणि बाथरूमकडे गेली. अंगावर साडी, केस बांधलेले. बायकांच्या बाजूला टेबल टाकून पैसे घेणारी बाई बसली होती. तिने हिच्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, “इकडं नाही जमत, तिकडं जाय.” तिकडं म्हणजे पुरुषांच्या बाजूला. तिकडे गेली तर दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या, एकाने मोबाइल काढला. ही परत फिरली. पाचाच्या जागी दहा रुपये देते म्हणाली. त्यावर ती बाई म्हणाली, “मले काय वो, पण तुले आत सोडलं तं बाया माह्या अंगावर येतीन.” तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. ही तशीच गाडीत येऊन बसली.

नोटच्या शेवटी ती म्हणते, “ताई, आता प्रवासाच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पेत नाही.”

मे महिना. यवतमाळ. ऊन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही नोट मी माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला ऐकवली. ती हळहळली. मग थोडं थांबून म्हणाली, “पण खरं सांगू? ती टेबलावरची बाई काही चुकीची नव्हती. माझा भाऊ टेक्सासला आहे ना, तिथं तं कायदाच केला आता. आपल्याकडे काहून नाही?” मैत्रीण वाईट नाही, आणि प्रश्नही टाकाऊ नाही. म्हणून हा एपिसोड.

टेक्सासचा कायदा खरा आहे. ४ डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. सरकारी इमारती, सरकारी शाळा आणि विद्यापीठं यांत प्रत्येकाने जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाप्रमाणेच बाथरूम वापरायचं. दंड आहे, पण तो माणसाला नाही, संस्थेला. पहिल्यांदा २५ हजार डॉलर, नंतर सव्वा लाख डॉलर. आता विचार करा, एवढा दंड डोक्यावर असेल तर ती संस्था काय करेल? दारावर माणूस बसवेल. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत येणार आहे.

अशा कायद्यांची सुरुवात गाजली ती नॉर्थ कॅरोलायना राज्यात, मार्च २०१६ मध्ये. तिथे एवढा गदारोळ झाला की बास्केटबॉलची एनबीए ऑल-स्टार मॅच शार्लट शहरातून हलवली गेली आणि वर्षभरात राज्याला बाथरूमचं कलम मागे घ्यावं लागलं. लोकांना वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि २०२४ मध्ये युटा राज्याने असे कायदे केले. युटातली गोष्ट तर ऐकाच. तिथे नियम मोडणाऱ्या संस्थांची तक्रार करायला ऑनलाइन फॉर्म ठेवला, आणि लोकांनी त्यावर हजारो खोट्या तक्रारी आणि मीम टाकून फॉर्मचा पार कचरा केला. ज्या अधिकाऱ्याकडे हे काम आलं तो स्वतःच वैतागून म्हणाला की हे काम मला नकोच होतं.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १६ एप्रिल २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथल्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री. हा निकाल स्त्रियांच्या एका संघटनेनेच मागितला होता. सगळी भांडणं ‘एका बाजूला चांगली माणसं, दुसऱ्या बाजूला वाईट माणसं’ अशी नसतात, हे कळावं म्हणून हे सांगितलं.

आता आपल्याकडे या.

भारतात तृतीयपंथी व्यक्तीला बाथरूममध्ये अडवणारा असा कायदा नाही. उलटाच आहे. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याचा निकाल दिला. त्यात तृतीयपंथी व्यक्तींना कायद्यापुढे ओळख मिळाली आणि सरकारांना सांगितलं गेलं की त्यांच्यासाठी वेगळी सार्वजनिक शौचालयं करा. मग एप्रिल २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या स्वच्छता खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लिहिलं की सार्वजनिक शौचालयात तृतीयपंथी व्यक्तीला स्त्री किंवा पुरुष, जी बाजू हवी ती वापरू द्यावी. आणि २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम १८ सांगतं की जी सार्वजनिक जागा इतर लोक वापरतात तिथे तृतीयपंथी व्यक्तीला अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं, वर दंड.

म्हणजे कागदावर बघितलं तर त्या स्टँडवर गुन्हा झाला आणि तो टेबलावरच्या बाईने केला. तिला हे माहीत आहे का? तिला कुणी सांगितलं का? तिच्या ठेकेदाराने? मला नाही वाटत. आणि खरं सांगायचं तर दिवसभर फिनाईलच्या वासात बसणाऱ्या त्या बाईला दोन वर्षं आत टाकून माझ्या मनाला काही बरं वाटणार नाही.

टेक्सासमध्ये कायदा म्हणतो ‘नाही’. यवतमाळात कायदा म्हणतो ‘हो’, आणि दार तरी बंदच. त्या दारासमोर उभ्या असलेल्या बाईच्या पोटात कळ येत असते, तेव्हा या दोन जागांमध्ये फरक किती?

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. कागद तयार. पण पाणी प्यायला कुणी धजेना, कारण तळ्यावर ठराव उभा नव्हता, गाव उभं होतं. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन २० मार्च १९२७ ला तळ्यावर गेले तेव्हा ते हक्क नव्याने मागायला गेले नव्हते, मिळालेला हक्क वापरायला गेले होते. पुढे मार झाला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि कोर्टातला शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

तुलना तंतोतंत जुळत नाही, हे मला मान्य आहे. जात वेगळी, लिंग वेगळं. तळ्याचं पाणी आणि बंद खोलीतला एकांत यात फरक आहे आणि त्या फरकावर मी येतेच. पण दोन गोष्टी मला तिथून उचलाव्याशा वाटतात. पहिली ही की ‘लोकांना अवघडल्यासारखं होतं’ हे कारण तेव्हाही दिलं जायचं. विटाळ म्हणजे दुसरं काय? आपल्याला होणारी अडचण दुसऱ्याच्या शरीराच्या नावावर लिहून टाकायची. दुसरी गोष्ट, त्यांच्यासाठी वेगळी विहीर खणून देऊ, हा तोडगा तेव्हाही अगदी दयाळू वाटायचा.

आता मैत्रिणीच्या बाजूने बोलते, कारण तिची बाजू मी रोज जगते.

स्टँडच्या बाथरूममध्ये बाई कशी जाते? आधी पायऱ्यांवरूनच वास. मग आत बघायचं, कोणत्या दाराला कडी आहे. तीनपैकी एकाला असते. ती अडकलेली. उरलेल्या दोनपैकी एकाचं दार खालून कुजलेलं. मग आपण बरोबरच्या बाईला म्हणतो, “तू दारासमोर उभी राहा वो.” ओळखीची असायची गरज नाही. गाडीत शेजारी बसलेली कुणीही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईने हे वाक्य म्हटलेलं आहे आणि ऐकलेलं आहे. माझ्या मावशीच्या बाबतीत एकदा बाहेर उभं राहायला कुणी नव्हतं आणि एका माणसाने दार ढकललं. ‘चुकून’ म्हणाला. त्याला तीस वर्षं झाली. मावशी आजही स्टँडवर बाथरूमला जात नाही, नागपूरपर्यंत कळ काढते. तिला जाऊन ‘तुझी भीती खोटी आहे’ असं सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

बायकांना ही जागा तरी कुठे सहज मिळाली? मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ नावाची चळवळ सुरू झाली, कारण पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे घेत. ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या वतीने विद्या बाळ मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कोर्टाने महापालिकांना बजावलं की बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं करा. काल-परवाची गोष्ट आहे ही. जी जागा एवढ्या उशिरा आणि एवढी अपुरी मिळाली, तिच्यात आणखी कुणी येणार म्हटलं की बाई दचकते. मला यात काही विचित्र वाटत नाही.

पण मावशीचं दार ढकललं कुणी? एका पुरुषाने, पुरुषाच्याच कपड्यात. साडी नेसायची, आवाज बदलायचा, आयुष्यभराची चेष्टा अंगावर घ्यायची, एवढा खटाटोप त्याला करावा लागला नाही. दाराला कडी नव्हती, एवढंच त्याला पुरलं. आणि त्याने जे केलं ते आजही गुन्हाच आहे. बाईच्या खासगी क्षणी डोकावणं किंवा मोबाइलवर शूट करणं याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. ट्रान्स स्त्रियांना बाहेर ठेवणारा कायदा केला असता तर मावशीला कडी मिळाली असती का? बल्ब मिळाला असता का?

कुणी म्हणेल, पण नियम सैल केला की तो माणूस साडी नेसूनही येईल. या शंकेवर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात काही शहरांनी ट्रान्स लोकांना त्यांच्या ओळखीप्रमाणे बाथरूम वापरू देणारे नियम केले होते, काहींनी नव्हते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा शहरांची तुलना केली, आणि नियम केलेल्या ठिकाणी बाथरूममधले गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी तिथे मतदान झालं आणि साधारण ६८ टक्के लोकांनी ट्रान्स लोकांना संरक्षण देणारा कायदा ठेवा म्हणून कौल दिला. हे अमेरिकेचं आहे, यवतमाळचं नाही, हे मलाही कळतं. तिथल्या दारांना कड्या असतात.

आता त्या दारावरच्या माणसाकडे येऊ.

समजा आपण टेक्साससारखा नियम केला. तो पाळायचा कसा? स्टँडवर रोज हजारो माणसं उतरतात. कोण जन्माने काय, हे ओळखायचं कशावरून? कपाळावर लिहिलेलं नसतं. आधार कार्ड बघायचं? मग गर्दीच्या वेळी रांग नागपूर रोडपर्यंत जाईल. म्हणजे शेवटी चेहऱ्यावरूनच. उंची, खांदे, आवाज, ओठावरची लव. ज्यांना पीसीओएस आहे आणि हनुवटीवर केस येतात, त्या पोरींनी विचार करावा. कबड्डी खेळणाऱ्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, केस बारीक कापणाऱ्या मुलींनी विचार करावा. मे २०२५ मध्ये बोस्टनच्या एका हॉटेलात नेमकं हेच झालं. जन्माने स्त्रीच असलेल्या एका तरुणीला गार्डने बायकांच्या बाथरूममधून बाहेर यायला लावलं आणि तू बाई आहेस हे सिद्ध कर म्हणाला. ती ज्या राज्यात होती तिथे तर बंदीचा कायदाही नव्हता. वातावरण होतं, तेवढं पुरलं. बाईपण तपासायला एकदा माणूस बसवला की तो सगळ्याच बायकांना तपासतो.

आणि ट्रान्स पुरुषांचं काय? त्यांचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, आता दाढी असलेला, आवाज जाड झालेला पुरुष. टेक्सासचा नियम त्याला म्हणतो, बायकांच्या बाथरूममध्ये जा. कडी नसलेल्या त्या दारासमोर दाढीवाला माणूस आला तर माझ्या मावशीचं काय होईल, हे कायदा करणाऱ्यांनी कधी विचारलं असेल का?

मला नैतिक प्रश्न इथे दिसतो, सुरक्षेच्या घोषणेत नाही. नियम कुणाकडून काय मागतो ते बघायचं. कडी बसवायला सरकारकडून दीडशे रुपये आणि सुताराची अर्धी दुपार मागावी लागते. बंदीचा नियम तेच काम केल्यासारखं दाखवतो आणि त्याची सगळी किंमत एका लहान गटाच्या शरीरातून वसूल करतो. शरीरातून हे मी अलंकारिक बोलत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये सत्तावीस हजारांहून जास्त ट्रान्स लोकांची पाहणी झाली. त्यातल्या ५९ टक्के लोकांनी त्या वर्षात भीतीपोटी सार्वजनिक बाथरूम टाळलं होतं. ३२ टक्के लोकांनी जायला लागू नये म्हणून खाणं-पिणं कमी केलं होतं. ८ टक्के लोकांना लघवीचा संसर्ग किंवा किडनीचा त्रास झाला होता. आपल्या व्हॉइस नोटवाल्या मैत्रिणीला दोनदा संसर्ग झालाय. तिला वाटत होतं, उन्हामुळे झाला.

नोटनंतर मी तिला फोन केला. बोलता बोलता तिने जे सांगितलं ते ऐकून मी दोन मिनिटं गप्पच झाले. लग्नाच्या हॉलमध्ये नवरीला बाथरूमला जायचं असतं. सहा वार जड शालू, दागिने, पिना, वरून वेणी. एकटीला जमत नाही. मग बोलावतात कुणाला? मेकअपवालीला. ही आत जाते, शालू वर धरून उभी राहते, पदर ओला होऊ देत नाही, बाहेर आल्यावर पिना नीट करते. नवरीची आई म्हणते, “तू आहेस म्हणून बरं.” त्याच मांडवातल्या चार बाया दुसऱ्या दिवशी स्टँडवर तिला बघून नाक मुरडतात. “ताई, हॉलमध्ये मी बाई असतो आणि स्टँडवर बुवा होतो,” म्हणाली, आणि हसली. ‘असतो’ असंच म्हणाली. सवय आहे तिला दोन्ही भाषांची.

जळगाव जिल्ह्यातल्या भादलीची गोष्टही या ओघात सांगायलाच हवी. तिथे अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीने ग्रामपंचायतीला स्त्रियांसाठी राखीव जागेवरून अर्ज भरला. अर्ज बाद झाला, कारण ‘तुम्ही स्त्री नाही’. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना त्या जागेवरून लढायची परवानगी दिली. त्या लढल्या आणि निवडून आल्या. जी व्यक्ती बायकांच्या राखीव जागेवरून निवडून येऊन ग्रामपंचायतीत बसू शकते, तिला त्याच कार्यालयाच्या बायकांच्या बाथरूममध्ये जाता येईल की नाही, हा प्रश्न विचारायलासुद्धा मला थोडं हसू येतं.

मग वेगळं तिसरं बाथरूम? मैत्रीण म्हणाली, “तेच करा ना, भांडणच मिटेल.” इथे मी अर्धी तिच्याबरोबर आहे. अनेक तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःलाच वेगळी, सुरक्षित जागा हवी असते. बायकांच्या नजरा नकोत आणि पुरुषांच्या शिट्ट्याही नकोत. भोपाळमध्ये २०१७ साली मंगळवारा भागात असं शौचालय सुरू झालं, तृतीयपंथी वस्ती जवळच होती. तिथे ते शोभतं. पण आपल्या एखाद्या तालुक्याच्या स्टँडवर वेगळ्या दारावर ‘तृतीयपंथी’ अशी पाटी असेल, तर त्या दारातून आत जाणं म्हणजे अख्ख्या स्टँडला सांगणं. गावात ज्याने कुणालाच अजून सांगितलेलं नाही असा एकोणीस वर्षांचा मुलगा त्या दारातून जाईल? वेगळं दार हवं त्याच्यासाठी असावं, पण ते आहे म्हणून बाकीची दोन दारं बंद, असं नको. २०१४ चा निकाल वेगळी शौचालयं मागतो आणि २०१७ च्या सूचना म्हणतात हवी ती बाजू वापरू द्या. दोन्ही एकत्र वाचले तर माझ्या मते अर्थ हाच निघतो.

दिल्लीत काय झालं बघा. उच्च न्यायालयात याचिका आल्यावर तिथल्या सरकारने २०२२ मध्ये सांगितलं की खास तृतीयपंथी व्यक्तींसाठी ९ शौचालयं बांधून झाली, ५६ चं काम चालू आहे, आणि अपंगांसाठीची ५०५ शौचालयं आम्ही त्यांनाही वापरायला दिली. राजधानीच्या शहरात नऊ! आणि अपंगांचं बाथरूम वाटून देणं म्हणजे आधीच कोपऱ्यात ढकललेल्या दोघांना एका खोलीत बसवणं. आपल्याकडे तर रॅम्पवालं बाथरूम म्हणजे बहुतेक वेळा झाडू आणि बादल्या ठेवायची कुलूपबंद खोली असते. किल्ली कुणाकडे, ते विचारून बघा कधीतरी.

माझ्या डोक्यातला तोडगा फार साधा आहे, भव्य काही नाही. एकेकट्या खोल्या. जमिनीपासून वरपर्यंत दार, आतून चालणारी कडी, बल्ब, नळाला पाणी, खोली सरळ बाहेरच्या व्हरांड्यात उघडणारी, वर कुठलंच चित्र नाही. घरी असतं तसं. घरी आपण आई, बाबा, भाऊ, पाहुणे सगळे एकच वापरतो आणि कुणाचा धर्म बुडत नाही. रेल्वेच्या डब्यातही तेच. स्टँडवर सहापैकी दोन खोल्या अशा केल्या तर म्हातारीला घेऊन आलेला मुलगा, लहान मुलीला घेऊन आलेला बाप, अपंग माणूस आणि आपली मेकअपवाली, सगळ्यांचीच सोय होते. पण त्या होईपर्यंत ती जाणार कुठे? माझं उत्तर, ती सांगेल तिथे. बायकांच्या बाजूला. आणि कुणी ओरडलं तर आत असलेल्या आपण बायांनी म्हणायचं, “येऊ द्या तिले.” यासाठी जीआर लागत नाही.

मैत्रिणीला हे सगळं ऐकवलं. पूर्ण पटलं असं ती म्हणाली नाही. “कडी पायजे हे खरं,” एवढं म्हणाली. चालेल.

आता कामाचं. १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीब कलिता यांच्या याचिकेवर आदेश दिला की देशातल्या सगळ्या न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी अशा सगळ्यांसाठी शौचालयं असली पाहिजेत. सगळ्या म्हणजे यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, केळापूर, सगळीच आली. तुमच्यापैकी जे लॉ करताय किंवा तारखेला कोर्टात जाताय, त्यांनी आपल्या कोर्टात काय स्थिती आहे ते बघून मला कळवा. फोटो दाराचा काढा, माणसांचा नको. स्टँडवर कुणाला अडवताना दिसलं तर आगार व्यवस्थापकाकडे तक्रार पुस्तक मागायचं. ते द्यावं लागतं. त्यात तारीख, वेळ आणि ‘२०१९ चा कायदा, कलम १८’ एवढं लिहायचं. भांडायची गरज नाही.

आम्ही दोघींनी, म्हणजे ती आणि मी, त्या स्टँडसाठी अर्ज दिलाय. तीन मागण्या आहेत : बायकांच्या बाजूच्या सगळ्या दारांना कड्या, एक बल्ब, आणि टेबलावरच्या बाईला नियम समजावून सांगणारं पत्र. अर्जावर सही करताना तिने पहिल्यांदाच आपलं आताचं नाव सरकारी कागदावर लिहिलं, आणि कारकुनाने ते वाचून काही न बोलता शिक्का मारला. पोच आमच्याकडे आहे. आज बावीस दिवस झाले, उत्तर आलेलं नाही. आलं की सांगते. पुढच्या शुक्रवारी भेटू.